सरफोजीराजांचा समुद्रकाठचा मनोरा

तंजावरास जाणारा मराठी प्रवासी बृहदीश्वराच्या प्राकारातील भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख डोळे भरून पाहतो, सरस्वती महालातील मोडी कागद आणि ताडपत्रे पाहून धन्य होतो, आणि बहुधा तेथूनच रामेश्वराची वाट धरतो. परंतु ज्या राजाने १८०३ साली तो शिलालेख कोरविला आणि तो ग्रंथसंग्रह वाढविला, त्याच सरफोजीराजे दुसरे यांनी समुद्रतीरी बांधविलेली वास्तू, तंजावरपासून अवघ्या ६५ किलोमीटरांवर असूनही, त्याच्या नजरेआड राहते. पट्टुकोट्टईच्या पुढे, मल्लिपट्टणम या मच्छीमार बंदराजवळ उभ्या असलेल्या त्या वास्तूस तेथील तमिळ माणूसही ‘मनोरा’च म्हणतो.

तेथवर नेणारा रस्ताही मराठी अंमलाच्या खुणांनी भरलेला आहे. वाटेत ओरत्तनाड लागते, आणि तेथे सरफोजीराजांनी मुक्तांबाळ या आपल्या प्रियेच्या स्मरणार्थ उभारलेले छत्र लागते. सेतुयात्रेस निघालेल्या वाटसरूस अन्न, आजाऱ्यास औषध आणि अनाथास आसरा देणाऱ्या या छत्रांचे उत्पन्न कंपनी सरकारने आपल्याकडे घेऊ नये, म्हणून राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंटास लिहिलेले पत्र मला त्यांच्या लेखनात सर्वाधिक हृद्य वाटते.

हे पत्र लिहावे लागले, यातच त्यांच्या राज्याची अवस्था दिसते. या किनाऱ्याचे तुकडे पूर्वीच परकीयांच्या हाती गेले होते: तरंगंबाडी नायकांच्या काळात, १६२० साली, डेनांना मिळाली, कारैकल १७३९ मध्ये फ्रेंचांकडे गेले, देवीकोट्टई १७४९ मध्ये इंग्रजांच्या पदरात पडली. पुढे १७९९ च्या करारनाम्याने सगळ्या मुलखाचा कारभार व महसूल कंपनीच्या हवाली झाला, आणि राजांकडे तंजावरचा किल्ला, त्याभोवतीची थोडी जमीन, ठरावीक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. म्हणजे मनोऱ्याचे बांधकाम निघाले तेव्हा त्या वाळूवर राजांची हुकमत नव्हती.

मनोरा षट्कोनी आहे, आठ मजली आहे, आणि त्याची उंची सुमारे ७५ फूट आहे. सभोवती तट आणि खंदक आहे. प्रत्येक मजल्यास कमानीच्या खिडक्या आहेत, वर जाताना मजले क्रमाने आकसत जातात, आणि दुरून पाहणाऱ्यास किल्ल्यापेक्षा देवळाच्या गोपुराचीच आठवण व्हावी अशी त्याची ठेवण आहे. राजपरिवार येथे अधूनमधून मुक्कामास येत असे, असे सांगतात. नेपोलियनच्या पाडावाचे आणि इंग्रजांच्या विजयाचे स्मारक म्हणून तो उभारल्याचे शिलालेख मराठी, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि उर्दू अशा पाच भाषांत येथे कोरले आहेत. वाटाडे हमखास वॉटर्लूचे नाव घेतात. पण लेखात साल आहे १८१४, आणि वॉटर्लूची लढाई झाली १८ जून १८१५ रोजी. तेव्हा लेखातील पाडाव म्हणजे एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियनने सिंहासन सोडले तो प्रसंग, हे मानणेच सयुक्तिक होय.

परक्याच्या विजयाचा स्तंभ शिवरायांच्या बंधूंच्या वंशजाने उभारावा, हे वाचून मराठी मन क्षणभर खिन्न होते, हे खरे. तथापि फौज नाही, मुलूख नाही, अशा राजाने दोस्तीच्या निमित्ताने का होईना, आपले नाव मराठीत आणि प्रजेच्या भाषांत या किनाऱ्यावर कोरून ठेवले, याचे मोल मी कमी मानणार नाही. त्यांनी या परिसरात जहाजबांधणीचा कारखानाही काढला होता, आणि नौकानयनाची उपकरणे ते हौसेने जमवीत.

नेमक्या त्याच काळात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हिंदी राजाच्या या इंग्रजी विजयस्मारकाचेच उलटे प्रतिबिंब उमटत होते. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नान आणि समुद्रजलप्राशन हे गंडमाळादी व्याधींवर औषध म्हणून सांगितले, आणि ब्रायटन हे मासेमारीचे गाव श्रीमंतांचे आरोग्यधाम झाले. युवराज जॉर्ज १७८३ मध्ये तेथे प्रथम आला, तेथेच रमला, आणि १८१५ पासून जॉन नॅश या वास्तुविशारदाने त्याच्या प्रासादावर हिंदुस्थानी घुमट आणि मिनार चढविले. १८४१ मध्ये आगगाडी पोहोचल्यावर सामान्य लंडनकरही तेथे लोटला. आमच्या मनोऱ्याच्या वाट्यास तशी गर्दी आली नाही.

येथे कोकणासारख्या लाटा फुटत नाहीत. पाल्कच्या उपसागराचे पाणी उथळ व निवांत असते, आणि तळाशी सागरी गवताची कुरणे पसरलेली असतात. हे गवत खाऊन जगणारी समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. तिच्यासाठी तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावर आणि पुदुकोट्टई जिल्ह्यांच्या समुद्रात ४४८ चौरस किलोमीटरांचे देशातील पहिले डुगाँग संरक्षण क्षेत्र जाहीर केले. श्वास घेण्यासाठी तिला वरचेवर पृष्ठभागावर यावे लागते, त्यामुळे जाळ्यात गुरफटली की ती गुदमरून मरते. अशा वेळी जाळ्याचे नुकसान सोसून तिला जिवंत सोडणाऱ्या कोळ्यांना वनखाते बक्षीस देते.