नाळेतली नळी

"डॉक्टरसाहेब, नाळ कापली ना? मग तिच्यात नळी कशाला घातली?" नवजात बालकांच्या कक्षाबाहेर एका आजींनी मला विचारले. प्रश्न रास्त होता.

भूम, परंडा किंवा उमरग्याकडून अपुऱ्या दिवसांचे बाळ धाराशिवला पोचते, तेव्हा ते पुष्कळदा गार पडलेले असते. हातापायांच्या शिरा सापडत नाहीत. अशा वेळी नाळ कामी येते. नाळेत दोन रोहिण्या आणि एक शीर असते. नाळ कापल्यावरही ही शीर साधारण आठवडाभर उघडता येते. तिच्यातून बारीक, मऊ नळी सरकवून ग्लुकोज, औषधे, रक्त देता येते. तीव्र काविळीत बाळाचे रक्त बदलतात, तेही याच वाटेने. बोस्टनच्या डॉ. लुई डायमंड यांनी १९४०च्या दशकात ही पद्धत रूढ केली.

पण वाट सोपी म्हणून निर्धोक नव्हे. नळीचे टोक यकृतात अडकले तर तिथे इजा होते. म्हणून एक्स-रे काढून ते नीट जागी आहे ना, हे पाहावे लागते. नळीभोवती रक्ताची गुठळी धरू शकते. रोहिणीत घातलेल्या नळीने कधी पायाचा रक्तपुरवठा अडतो आणि बोटे पांढरी किंवा निळसर पडतात. जोड सुटला तर रक्त वाहते, आणि एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते सुमारे ९० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा कप! सर्वांत मोठी भीती जंतुसंसर्गाची. ती दिवसागणिक वाढते. म्हणून रोहिणीतली नळी पाच ते सात दिवसांत आणि शिरेतली फार तर चौदा दिवसांत काढतात. गरज संपली, तर त्याआधीच.

यात घरच्यांचाही वाटा आहे. नाळेला हळद, तेल, राख काही लावू नका. ती कोरडी ठेवा. बेंबी पिकली तर ही वाटच बंद होते आणि अडल्या वेळी हाताशी काही उरत नाही. बाळाला भेटताना हात साबणाने धुवा, त्याच्या पायांच्या बोटांचा रंग पाहा. बदलला असेल तर लगेच सिस्टरांना सांगा. आणि "नळी अजून लागते का?" हे डॉक्टरांना रोज विचारा. त्यात संकोच कसला?

आजींना मी एवढेच म्हणालो, "आजी, ही नळी पाहुणी आहे. काम झाले की तिला निरोप द्यायचा."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)