बीपीची गोळी की लघवीची?

परवा लातूरला आमच्या मेडिकलवर कंधारकडचे एक मामा आले. चिठ्ठीवर स्पायरोनोलॅक्टोन. “डॉक्टर म्हन्ले बीपीची गोळी, पोरगं म्हनतंय लघवीची. खरं काय?”

मामा, दोन्ही खरं.

मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं 99 टक्के सोडियम परत रक्तात ओढतात. बहुतेक काम मूत्रपिंडातल्या नळीच्या सुरुवातीलाच उरकतं. शेवटचे थोडे टक्के मात्र ‘ईनॅक’ नावाच्या सोडियम चॅनलच्या हातात. पेशीच्या भिंतीतलं हे बारीक दार. सोडियम आत आलं की मागोमाग पाणी येतं आणि रक्तदाब चढतो.

दारं किती उघडायची हे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक ठरवतं. स्पायरोनोलॅक्टोन त्यालाच अडवतं; अमिलोराइड ही दुसरी गोळी थेट दार बंद करते. मग जादा सोडियम-पाणी लघवीतून जातं आणि बीपी उतरतं.

लिडल सिंड्रोम या दुर्मिळ आनुवंशिक आजारात ही चॅनल्स पेशीवरून हटतच नाहीत. ऐन तरुणपणी बीपी! तिथे स्पायरोनोलॅक्टोन चालत नाही, अमिलोराइड चालतं.

आता आमच्या गंजगोलाईच्या बाजारात मिळणारं ज्येष्ठमध. खोकल्याला सगळेच चघळतात. पण रोज भरपूर खाल्लं तर शरीरातलं कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनसारखं वागू लागतं. बीपीवाल्यांनी जपून.

आणि हो, ‘लो-सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असतं. वरच्या दोन्ही गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढू शकतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ नको. रक्ततपासणीही चुकवू नका.

काही शंका असल्यास खाली विचारा. डोस सोडून, तो डॉक्टरांचा प्रांत.