शेवाळाने दिला मेंदूला स्विच!

बटण दाबलं की दिवा लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. मेंदूतल्या पेशीचंही असं करता आलं तर? येतं की! त्या तंत्राचं नाव ऑप्टोजेनेटिक्स.

चेतापेशी बोलतात आयनांच्या भाषेत. सोडियमसारखे धनभारित आयन आत शिरले की पेशी पेटून उठते; क्लोराइड आत गेलं की सहसा गप्प बसते. आता क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय शेवाळ बघा. प्रकाश ओळखायला त्याच्याकडे चॅनलरोडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. निळा प्रकाश पडला की त्याचं दार उघडतं आणि धनभारित आयन आत घुसतात. कार्ल डायसेरॉथ, एड बॉयडन आणि सहकाऱ्यांनी त्याचं जनुक विषाणूमार्फत प्रयोगशाळेतल्या चेतापेशींत घातलं. निळा प्रकाश टाकताच पेशी काही मिलिसेकंदांत पेटल्या! हे २००५ साली प्रसिद्ध झालं. पुढे पिवळ्या प्रकाशात क्लोराइड आत ओढणारं हॅलोरोडॉप्सिन वापरात आलं. म्हणजे ‘ऑफ’चं बटणही मिळालं.

उपयोग काय, विचारताय? रेटिनायटिस पिगमेंटोसाने दृष्टी गेलेल्या ५८ वर्षांच्या एका माणसाच्या डोळ्यात असंच जनुक सोडलं गेलं. खास गॉगल लावल्यावर त्याला टेबलावरची वही सापडली, असं २०२१ मध्ये जाहीर झालं. पूर्ण नजर नाही आली; पण अंधार फाटला.

शेवाळ प्रकाशाकडे कसं पोहतं, हा प्रश्न कुणाला तरी पडला होता, म्हणून हे घडलं. तेव्हा तुमचे ‘फालतू’ प्रश्न जपून ठेवा!