एका रोलमध्ये बाराच फोटो

मागच्या ईदला अब्बांचा आगफा क्लिक थ्री माळ्यावरून काढला. बडोद्यात बनलेला हा स्वस्त कॅमेरा. तुमच्याही माळ्यावर असेल, बघा. १२० नंबरचा रोल अजून मिळतो, पण महाग. चौकोनी बाराच फोटो. माणसं आठ-दहा फुटांवर, सूर्य आपल्या पाठीशी, श्वास रोखून खटका दाबायचा. मग मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची.

आम्ही महागावहून रोल धुवायला मुंबईला पाठवला. बारापैकी आठच फोटो आले. एकात अम्मी ओट्यावर, हातात शीरखुर्म्याची वाटी, पदर सावरतेय.

हिवाळ्यात अम्मी अल्लाहला प्यारी झाली. मोबाइलमधले तिचे फोटो तो बिघडला तेव्हाच गेले होते. ही निगेटिव्ह वहीच्या कागदात गुंडाळून अब्बांच्या जुन्या निगेटिव्हजवळ ठेवली आहे.