माशांसाठी घेतलेलं पाणी

सार्वजनिक नळावरची हंडे-कळश्यांची रांग आपल्याला काही नवी नाही. बाई घरी पोळ्या लाटत असली तरी तिचा हंडा तिथे नंबर धरून बसतो, आणि कुणी तो मागे सरकवला की जी खणाखणी होते, ती साऱ्या आळीला ऐकू जाते! आता अशी कल्पना करा, की हा नंबर कायमचा आहे. आजेसासऱ्यांनी पहिला हंडा लावला म्हणून नातसुनेचाही पहिलाच. पाणी कमी आलं तर पुढच्यांचे हंडे काठोकाठ आणि शेवटचीचा कोरडा. वर आणखी एक अट: पाच वर्षं पाणी भरलं नाहीत तर नंबर गेला!

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात नद्या-ओढ्यांच्या पाण्याचा कायदा जवळजवळ असाच आहे. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोनं शोधायला माणसं लोटली, तेव्हा खाणींवर 'जो आधी पाणी घेईल त्याचा हक्क आधी' ही रीत पडली आणि पश्चिमेकडच्या राज्यांत ती पसरली. ऑरेगनने १९०९ मध्ये आपला पाण्याचा कायदा त्याच पायावर केला. प्रत्येक हक्काला तारीख असते. दुष्काळात जुन्या तारखेवाल्याचा पाट आधी भरतो, नव्याने थांबायचं.

या रांगेत मासे कुठेच नव्हते. कसे असणार? मासा काही हंडा घेऊन येत नाही. शेतात नेलं, खाणीत नेलं, तर ते पाणी 'वापरलं'. ओढ्यातच वाहू दिलं तर वाया गेलं! एखाद्या शेतकऱ्याला दया येऊन त्याने पाट बंद केला असता, तरी ते पाणी रांगेतल्या पुढच्याने उचललं असतं, आणि पाच वर्षांनी दयाळू माणसाचा हक्कही गेला असता. काटकसर करणाऱ्यालाच दंड. आपल्या घरात असा नियम कुणी केला तर?

तिथे स्टीलहेड नावाचा मासा आहे. जन्म ओढ्यात, मोठं होणं समुद्रात, आणि अंडी घालायला पुन्हा गोड्या पाण्यात. मादी शेपटीने खडीत खळगा करते आणि त्यात अंडी घालते. खडीतून गार पाणी खेळतं राहिलं तरच ती जगतात. पिल्लं लगेच समुद्राकडे निघत नाहीत. एक-दोन, कधी तीन वर्षं ओढ्यातच काढतात. म्हणजे त्यांना ऐन उन्हाळ्यात पाणी हवं, आणि गुरांसाठी वैरण पिकवणाऱ्यालाही नेमकं तेव्हाच. ओढा आटला की उरलेली डबकी तापतात आणि पिल्लं मरतात.

१९८७ मध्ये ऑरेगनने कायदा बदलला. ओढ्यात वाहतं ठेवलेलं पाणी हाही वापरच, असं ठरलं. ज्याचा हक्क त्याने तो विकावा, दान करावा किंवा भाड्याने द्यावा. तारीख जुनीच राहील, आणि राज्य तो हक्क लोकांच्या वतीने सांभाळील. म्हणजे रांग मोडली नाही, रांगेतली जागा माशांसाठी घेता येऊ लागली. १९९३ मध्ये 'ऑरेगन वॉटर ट्रस्ट' ही संस्था एवढ्याच कामासाठी निघाली.

१९९४ मधला त्यांचा एक व्यवहार मला फार आवडला. डेशूट्स नदीला मिळणारा बक हॉलो नावाचा ओढा आहे. तिथल्या एका गुरंवाल्याने त्या हंगामात पाणी ओढ्यातच राहू दिलं, आणि संस्थेने त्याला सुमारे ६,६०० डॉलरची वैरण घेऊन दिली. पाण्यावर तो वैरणच पिकवणार होता ना, मग ती तयारच घ्या! त्याला उपदेश केला नाही की पापी ठरवलं नाही. त्याची गुरं उपाशी राहिली नाहीत आणि हक्कही शाबूत राहिला, कारण भाड्याने दिलेलं पाणी 'वापरलेलं' धरलं जातं.

तुम्ही म्हणाल, पाण्याचा असा बाजार बरा का? मलाही ते खटकतं. निसर्गाने दिलेलं पाणी माशांना परत द्यायला पैसे मोजायचे, हे मनाला पटत नाही. शिवाय सगळ्यांनीच पाणी विकलं तर गावातल्या मजुरांनी आणि दुकानदारांनी काय करायचं, ही तिथल्या लोकांची भीतीही खोटी नाही. पण ज्याच्या तीन पिढ्या त्या पाण्यावर जगल्या, त्याच्याकडून ते फुकट हिसकावणं मला जास्त वाईट वाटतं.

आणि दर वेळी शेत पडीक ठेवावं लागतं असंही नाही. सिस्टर्स गावाजवळचा व्हिचस ओढा वर्षानुवर्षं उन्हाळ्यात कोरडा पडत असे. तिथले उघडे कालवे ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकातून जात. शेतात पोचण्याआधीच कितीतरी पाणी जिरायचं, फुटक्या घागरीसारखं. ते कालवे बंद नळांत घातले. वाचलेल्या पाण्यातला किमान चौथा हिस्सा ओढ्याला, असा कायदाच आहे. कुणाचं शेत न सुकवता ओढ्याला उन्हाळ्यातही धार आली.

पण नुसत्या पाण्याने मासा परत येत नाही. डेशूट्सवरच्या धरणांनी १९६० च्या दशकात स्टीलहेडची समुद्रवाट अडवली होती. २००७ पासून व्हिचसमध्ये पिल्लं सोडायला सुरुवात झाली आणि २०१० च्या सुमारास धरणापाशी पिल्लांना खाली उतरवण्याची नवी सोय झाली. समुद्रातून परत येणारे मोठे मासे मात्र थोडेच असतात. भाड्याने घेतलेल्या पाण्याचंही तसंच. मुदत संपली की पुन्हा त्या शेतकऱ्याच्या दारात जायचं आणि वैरणीचा भाव विचारायचा.