दुसरी गोळी नसलेली बंदूक

नॅशनल पार्कच्या कुशीत राहणाऱ्या आम्हा कांदिवलीकरांना बिबट्याचे नवल राहिलेले नाही. तरी काही वर्षांपूर्वी एका पहाटे शेजारच्या सोसायटीच्या पंपाच्या खोलीत बिबट्या शिरला, तेव्हा सारी वस्ती गॅलरीत आली. पोलीस आले, मागोमाग वन खात्याची गाडी आली. एका कर्मचाऱ्याच्या हातात लांब नळीची बंदूक होती. बेशुद्धीच्या औषधाची सुई मारणारी.

"आणि नेम चुकला तर?" शेजारच्या काकांनी विचारले.

"तर पुन्हा भरायची. एका वेळी एकच सुई जाते तिच्यात," मी म्हणालो.

मी शिकारी नाही. इथल्याच एका कारखान्यात टूलरूममध्ये मी फिटर होतो. पण एकबारी बंदुकीचे कुतूहल मला फार दिवसांचे. ते लागले कोल्हापुरात. नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात जुनी शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे पाहताना मनात आले, की हजार किलोपर्यंत भरणाऱ्या गव्यासमोर माणूस एकच गोळी घेऊन उभा राहत असेल, तर ती बंदूक घडवणाऱ्यावर त्याचा केवढा विश्वास असला पाहिजे! मग या बंदुकांविषयी मिळेल ते वाचत गेलो.

राजेरजवाड्यांची आवड दुनळी रायफलीची. एक बार वाया गेला तर दुसरा तयार. पण तिची किंमत सगळ्यांना परवडत नसे. एकबारी त्या मानाने स्वस्त, आटोपशीर आणि अतिशय भक्कम. जॉन फर्क्युहारसन या स्कॉटिश माणसाने १८७२ साली तिच्या एका रचनेचे पेटंट घेतले आणि ब्रिस्टॉलच्या जॉर्ज गिब्ज या कारागिराने ती नावारूपाला आणली.

रचना ऐकायला सोपी आहे. चापाखालची दांडी पुढे ढकलली की नळीच्या मागचा पोलादी ठोकळा उभ्या खाचेतून खाली सरकतो. नळीचे मागचे तोंड उघडते. हाताने काडतूस सारायचे, दांडी मागे ओढायची, की ठोकळा वर येऊन तोंड बंद करतो. आपल्या देवडीच्या दाराला मागून अडसर घालतात ना, तसेच.

पण हा अडसर सोसतो काय ते पाहा. १८९८ साली आलेल्या .४५० नायट्रो एक्स्प्रेस या काडतुसाची गोळी ३१ ग्रॅमची, म्हणजे अडीच तोळ्यांहून जड. बार उडतो तेव्हा आतला दाब दर चौरस इंचाला सुमारे १७ टन. ठोकळा आणि खाच यांत फट राहिली तर दरवेळी धक्का बसून ती वाढत जाणार. घट्ट बसला तर ऐन वेळी अडणार.

म्हणून चांगला कारागीर दिव्याच्या ज्योतीवर ठोकळा धरून त्यावर काजळी चढवी आणि तो खाचेत सारून बाहेर काढी. जिथे काजळी पुसली गेली, तिथे उंचवटा. तेवढाच भाग कानशीने हलकेच घासायचा आणि पुन्हा काजळी धरायची. हे वाचले आणि मी थबकलो. आमच्या टूलरूममध्ये आम्ही निळा रंग लावून अगदी हेच करत होतो. उमेदवारीत माझ्या हातून एक डाय जास्त घासली गेली. कित्येक दिवसांची मेहनत फुकट. मिस्त्री रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "लोखंड काढता येतं, परत घालता येत नाही."

दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. शिंपी माप घेतो तशी गिऱ्हाइकाची मापे घ्यायची: चापापासून खांद्यापर्यंतचे अंतर, गालाची उंची, दस्त्याचा बाक. मनगटाशी लाकडाचे रेषे सरळ हवेत, नाहीतर धक्क्याने ते तिथेच चिरते. पोलाद लाकडात बसवतानाही तीच काजळी. शेवटी जवसाचे तेल थेंबाथेंबाने तळहाताने जिरवायचे, आठवडेच्या आठवडे.

आपल्या हवेचाही विचार करावा लागे. उन्हाने दारू तापली की दाब वाढतो, पितळी काडतूस नळीत फुगून अडकते. म्हणून उष्ण देशांसाठी मोठ्या आकाराची आणि कमी दाबाची काडतुसे निघाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या दारूगोळ्याला बंदी केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती लागल्या, तर त्यांना खाद्य मिळू नये हा हेतू. त्यातूनच .४७० आणि .४६५ ही नवी मापे जन्माला आली.

पुढे स्वस्त आणि चार-पाच गोळ्या मावणाऱ्या मॅगझीन रायफली आल्या आणि एकबारी मागे पडली. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला. बरेच झाले. कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे राखीव रान, दाजीपूरचे जंगल, तर त्याआधीच, १९५८ साली, अभयारण्य झाले होते. मला हळहळ वाटते ती त्या हातांची. दुसरी संधी नाही, हे ठाऊक असलेला माणूस काम वेगळे करतो.

पंपाच्या खोलीबाहेर त्या पहाटे तेच पाहिले. पशुवैद्यांनी खिडकीतून बिबट्याच्या वजनाचा अंदाज घेतला, औषध मोजले, पुन्हा मोजले. कमी पडले तर जनावर अंगावर येणार, जास्त झाले तर दगावणार. अंतर पाहून वायूचा दाब लावला. फट् असा बारीक आवाज झाला. मग सगळे घड्याळाकडे पाहत उभे राहिले. काही मिनिटांनी बिबट्याची मान खाली टेकली. चौघांनी त्याला झोळीत घालून पिंजऱ्यात ठेवले. पशुवैद्यांनी वाकून त्याचा श्वास पाहिला आणि मगच कपाळावरचा घाम पुसला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)