शिंदळ माकुडी : कड्यावरची एक दुर्मिळ वनस्पती

मी कला शाखेची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शेळ्या राखण्यापुरताच. तरीही आपल्या जिल्ह्यातल्या एका वनस्पतीविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमच्या केंदूरसारख्या कोरड्या मुलखाला माकडशिंगी परकी नाही. बिनपानांची, चौधारी, मांसल कांडी. तिची भाजी करतात. हिचीच एक बहीण शिवनेरीच्या कड्यावर राहते. तिचे नाव शिंदळ माकुडी. (नावातला पहिला शब्द घरात मोठ्याने उच्चारण्याजोगा नाही, पण त्याला माझा इलाज नाही!) शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. १८६० च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नर भागातल्या या झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव त्याला दिले. डोंगर ज्यांच्या पायाखालचा, त्यांच्यापैकी कोणाचे नाव सुचले नाही, हे त्या काळाला धरूनच झाले.

हिच्या अगदी जवळच्या नात्यातल्या बहुतेक झाडांना पाने नावापुरतीच असतात. हिला मात्र पावसाळ्यात चांगली जाड पाने फुटतात. उन्हाळ्यात ती गळून नुसती कांडी कपारीत तग धरते. पावसाळा सरता सरता पाच पाकळ्यांची, गर्द तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुले येतात. शिवनेरीखेरीज पुरंदर, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशा थोड्या ठिकाणी ती सापडली आहे. महाराष्ट्राबाहेर निसर्गात ती कोठेच नाही. १९८० च्या दशकात जगातल्या सर्वांत धोक्यातल्या बारा वनस्पतींत हिची गणना झाली होती.

धोके कोणते? दरड कोसळते, वणवा लागतो, शेळ्या पोहोचतील तिथवर ओरबाडतात (आमच्याही शेळ्यांना दुर्मिळ काय ते कळत नाही!) आणि शौकीन लोक उपटून नेतात. पण मला याहून अवघड वाटते ते तिचे फळणे. रुईप्रमाणे हिचेही परागकण सुटे नसून पुंजक्यात बांधलेले असतात. माशीने तो पुंजका अडकवून नेला आणि दुसऱ्या फुलात नेमका बसवला, तरच शेंग धरते. म्हणून फुले पुष्कळ, शेंगा थोड्या.

आता कोणी म्हणेल, कांडी खोवली की ती सहज जगते, परदेशातल्या शौकिनांच्या कुंड्यांतही ती आहे, मग चिंता कसली? पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण कार्यालयानेही रोपे वाढवून मूळच्या डोंगरांत लावण्याचे प्रयत्न केले आहेत, आणि ते मोलाचे आहेत. परंतु एका झाडाच्या शंभर कांड्या म्हणजे शंभर झाडे नव्हेत. ते एकच झाड शंभर ठिकाणी. एक रोग आला तर सगळी एकदम बसतील. वेगळेपण येते ते बियांतून. त्यासाठी कडा हवा, जवळपास दुसरे झाड हवे आणि ती माशी हवी. कुंडीत यातले काहीच लावता येत नाही.